दुधावर फोडलेलं खापर

मायक्रोस्कोपच्या खोलीच्या दारावर पाटी लागली होती. छापलेली, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली, चारही कोपरे चिकटपट्टीने नीट दाबलेले. 'या खोलीत वैयक्तिक कामे करू नयेत.'

त्या खोलीत वैयक्तिक म्हणावं असं काम करणारी अख्ख्या लॅबमध्ये मी एकटी. पाटीवर माझं नाव घालायचं तेवढं राहिलं होतं. खांद्यावर पंपाची पिशवी, छातीत दूध दाटून दगड झालेला, आणि मी ती एक ओळ परत परत वाचत उभी.

आतून कडी लागणारी ती एकच खोली. गार, अर्धवट अंधारी, भिंतीशी क्रिस्टलच्या ट्रेंची मांडणी. दुपारी थोडा वेळ मी तिथे स्टुलावर बसायची, ट्रेकडे पाठ करून दूध काढायची आणि बाटली बर्फाच्या डब्यात ठेवायची. डबा माझा, बर्फ माझा, दूध माझं. लॅबच्या फ्रिजला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"ताई, मनावर घेऊ नकोस," मागून सुपरफास्ट म्हणाला. "सरांनी जनरल लावलीय."

सुपरफास्ट माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. माझ्यानंतर लॅबमध्ये आला. हे नाव मीच ठेवलं, कारण आम्हाला ज्या कामाला आठवडा लागतो ते तो दोन दिवसांत उरकतो. करतो म्हणत नाही मी, उरकतो म्हणते.

"जनरल? मग दूध काढणारं आणखी कोण आहे इथे? तू?"

तो हसला. मला हसू आलं नाही. त्या दिवशी मी बाथरूममध्ये, भिंतीला टेकून, हात सुकवायच्या यंत्राच्या घरघराटात दूध काढलं. कोणीतरी आलं की यंत्र सुरू व्हायचं, मी दचकायची आणि दूध थांबायचं. शेवटी बाटलीच्या तळाशी जे जमलं ते बघून मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप.

त्या पाटीच्या आदल्या दिवशी काय झालं ते सांगते.

जिवाणूंच्या पेशीत प्रोटीन तयार करणारं एक यंत्र असतं, रायबोसोम. आरएनए आणि बारकी बारकी प्रोटीनं मिळून ते बनतं. त्यातलंच एक बुटकं प्रोटीन माझं. ते रायबोसोममध्ये आरएनएला घट्ट धरून बसतं. पण गंमत अशी की ते गरजेपेक्षा जास्त झालं, की स्वतःला बनवण्याचा निरोप घेऊन आलेल्या आरएनएलाच जाऊन धरतं आणि आपलीच पैदास थांबवतं. पुरे, आता नको. एवढंसं प्रोटीन, पण त्याला पुरे कधी ते कळतं. ती पकड नेमकी कशी असते, कोणतं बोट कुठे टेकतं, ते मला बघायचं होतं. त्यासाठी दोघांना एकत्र बांधून त्यांचा स्फटिक, म्हणजे क्रिस्टल, करायचा आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. ते यंत्र दुसऱ्या शहरात. त्याची तारीख मिळायला लॅबा वर्षभर रांगेत असतात. आम्ही तिला बीमची तारीख म्हणतो. ती मी मागून घेतली होती, अर्ज मी लिहिला होता, गरोदरपणात पोट टेबलाला टेकवून ते प्रोटीन मी बनवलं होतं.

रजेवरून परत आले आणि प्रोटीनशी बांधताना माझे आरएनए तुटायला लागले. धड आरएनए जेलवर, म्हणजे जेलीच्या पातळ थरातून विजेने, चालवला की एक रेघ दिसते, सुरीने ओढल्यासारखी. माझ्या जेलवर नुसते फराटे. ओल्या बोटाने शाई पुसावी तसे. आरएनए कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइमं, सगळीकडे असतात. घामात, थुंकीत, बोटांच्या टोकांवर. उकळलं तरी मरत नाहीत इतकी चिवट. म्हणून आम्ही हातमोजे बदलत बदलत काम करतो. मी सगळं बदललं: पाणी, मीठ, नळ्या, हातमोजे. तरी फराटेच.

आणि तिकडे सुपरफास्टचे क्रिस्टल आले. माझ्या रजेत सरांनी 'काम थांबायला नको' म्हणून माझंच प्रोटीन त्याला करायला दिलं होतं. टपोरे, लखलखीत, काठ तासल्यासारखे क्रिस्टल. मीटिंगमध्ये सरांनी फोटो पडद्यावर लावले. सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली. मग मी म्हटलं, "त्यातला एक धुऊन, विरघळवून जेलवर चालव. आत आपलं प्रोटीन आणि आरएनए दोन्ही आहेत का ते कळेल."

"एवढा सुंदर क्रिस्टल फोडायचा?" सुपरफास्ट छातीवर हात ठेवून म्हणाला.

"एकेक सोन्यासारखा आहे," सर म्हणाले. "वाया घालवायचा नाही. आणि तू आधी तुझ्या आरएनएचं बघ."

"बघतेय, सर. कारण सापडत नाहीये."

"कारण समोर आहे." सरांनी चष्मा काढून पुसला. काहीतरी नकोसं बोलायचं असलं की ते चष्मा पुसतात. "तुझी रजा संपली आणि हे सुरू झालं. मायक्रोस्कोपच्या खोलीत तू जे करतेस... दुधात ही विकरं भरपूर असतात. हे मी म्हणत नाही, विज्ञान म्हणतं."

टेबलाभोवती सगळे आपापल्या पेनाकडे बघायला लागले.

खरं होतं ते, म्हणून तर तळपायाची आग मस्तकाला गेली. दुधात ती विकरं असतात. मी स्वतः ते शिकले आहे, शिकवलं आहे. सर खोटं बोलले असते तर मी खोडून काढलं असतं. त्यांनी एक खरी गोष्ट उचलली आणि काठीसारखी माझ्या अंगावर चालवली.

"थुंकीतही असतात, सर," मी म्हटलं. "तुम्ही उघड्या नळ्यांवर वाकून बोलता. त्याची पाटी कधी लावायची?"

"हे बघ, चिडू नकोस. मुलगी लहान आहे, मला समजतं. तू सध्या कंप्युटरवरची कामं घे, घरूनही होतील. बीमची तारीख याच्या नावावर करतो. प्रोटीन-आरएनएचं हे सगळं काम यापुढे तो बघेल."

"प्रोटीन माझं आहे, सर."

"प्रोटीन लॅबचं आहे," सर म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

घरी आले तेव्हा सासूबाई गुंडीला कडेवर घेऊन दारातच उभ्या होत्या. गुंडी म्हणजे माझी लेक. जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढं नाक होतं, तेच नाव पडलं.

"आली बघ तुझी डेअरी," सासूबाई तिला म्हणाल्या आणि मग त्यांनी माझं तोंड बघितलं. "काय झालं गं?"

मी गुंडीला पदराखाली घेतलं आणि सगळं सांगितलं. सासूबाईंना विकर म्हणजे काय ते सांगायला लागलं, बाकी सगळं त्यांना आपोआप समजलं.

"म्हणजे तुझ्या दुधाने त्यांचं काम नासलं म्हणतात?"

"हो."

"दूध नासतं हे मला माहितीय. दुधाने नासलेलं पहिल्यांदाच ऐकतेय." त्यांनी पदर खोचला. "तुझ्या त्या सरांना काय जन्मापासून चहावर वाढवलंय?"

मला हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. "आई, माझ्याकडून सगळं काढून घेतलं हो."

"काढून घेतलं म्हणजे संपलं का? तुझ्या डोक्यातलंही काढून घेतलं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता जरा कपाळाच्या आठ्या उतरव. ती बघतेय तुझ्याकडे."

खरंच बघत होती. पिता पिता थांबून, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब, डोळे मोठे. आईचा चेहरा असा का, याचा तपास चाललेला. मी आठ्या उतरवल्या. तिने माझं बोट मुठीत धरलं. सगळी बोटं मिटून, अंगठा वरून दाबून, सोडवता सोडवेना असं. मला वाटलं, माझं बुटकं प्रोटीनही आरएनएला असंच धरत असणार. मी किती दिवस ती पकड क्ष-किरणांनी बघायची म्हणून जीव टाकते आहे. मग मनात आलं, हिला झोपवते आणि सुपरफास्टचा गळा पकडते.

सुपरफास्ट बीमवर जाऊन आला. क्रिस्टलनी अप्रतिम किरण फेकले म्हणे. लॅबमध्ये पेढ्यासारखी ती बातमी वाटली गेली. मग दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन.

"अगं, त्याला रचना सुटत नाहीये. मॉडेल बसतच नाही. कंप्युटरवरची कामं तुझ्याकडेच आहेत ना? जरा बघतेस?"

नाही म्हणायला जीभ अगदी टोकापर्यंत आली होती. पण त्या क्रिस्टलमध्ये काय आहे ते बघायची भूक रागापेक्षा मोठी निघाली. गुंडी दुपारी झोपली की माझं राज्य. पाळण्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले, एका पायाने पाळणा हलता ठेवला आणि फाइल उघडली.

क्रिस्टल म्हणजे एकसारख्या खोल्यांची चाळ समजा. प्रत्येक खोलीत तेच बिऱ्हाड, तसंच बसलेलं. किरणांवरून आधी खोलीची लांबी-रुंदी कळते, मग आतलं माणूस. मी लांबी-रुंदी बघितली आणि पाळणा हलवायची थांबले.

खोली लहान होती. तेवढ्या जागेत माझं प्रोटीन एकटं कसंबसं मावलं असतं. त्याच्यासोबत आरएनए मावणं शक्यच नव्हतं. खोली एकट्याची, आणि हे सांगत सुटले होते की आत जोडपं राहतं.

जगभरात आजवर सोडवलेल्या रचना एका ठिकाणी जमा केलेल्या असतात, कुणालाही बघता येतात. त्यात मी या मापाची खोली शोधली. सापडली. एकदा नाही, शेकडो वेळा. आतलं बिऱ्हाड प्रत्येक वेळी एकच. गाईच्या स्वादुपिंडातून काढलेलं, बाटलीतून विकत मिळणारं, आरएनए कापणारं विकर.

त्याचं मॉडेल मी सुपरफास्टच्या किरणांवरून निघणाऱ्या नकाशात घातलं. मोज्यात पाय जावा तसं बसलं. आरएनएचा मागमूस नव्हता. कसा असेल? आरएनएचा कसाईच आत बसला होता.

मी तोंडावर हात दाबून हसले. गुंडी हलली. पण हसता हसता मनात दुसरा काटा उभा राहिला. सर म्हणतील, बघ, विकर निघालंच ना, तुझ्या दुधातलं. तेव्हा पुढे बसले. माणसाचं हे विकर आणि गाईचं विकर चुलत भावंडं. चण तीच, पण काही जागी तोंडवळा वेगळा. नकाशा इतका स्पष्ट होता की प्रोटीनच्या साखळीची एकेक फांदी मोजता येत होती. जिथे जिथे दोघांत फरक आहे, त्या प्रत्येक जागी जाऊन मी बघितलं. गाय. गाय. परत गाय. एका ठिकाणी शंका आली म्हणून दोनदा बघितलं. गायच.

गुंडी जागी झाली आणि पाळण्यातून हात बाहेर काढून माझे केस ओढायला लागली. "गुंडे," मी तिला म्हटलं, "आपण सुटलो गं." आणि मग आवाज एकदम चढला. आपण कुठे अडकलो होतो की सुटायचं? आपण काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंगआधी मी सुपरफास्टला कोपऱ्यात गाठलं.

"प्रोटीन शुद्ध करताना तू आरएनए कापायचं विकर टाकलंस?"

"थोडंसंच." त्याचा चेहरा अजून निष्पाप होता. "आपल्या प्रोटीनला जिवाणूचाच आरएनए चिकटून येतो ना, सुटत नाही. खारट पाण्याने धूत बसायचं म्हणजे किती दिवस! विकर टाकलं की साफ. नंतर कॉलममधून धुतलं ना मी."

"त्याचं वजन आपल्या प्रोटीनएवढंच आहे. विद्युतभारही तसाच. दोघं हातात हात घालून कॉलममधून बाहेर आले असतील. जेलवर एकाच जागी दिसतील. तुझ्या लक्षात आलं नाही?"

त्याने वळून कॉलमकडे बघितलं. कॉलम म्हणजे बारीक मण्यांनी भरलेली काचेची नळी. प्रोटीन त्यातून सोडून शुद्ध करतात. आमच्या लॅबमध्ये ती एकच.

"आणि मग त्याच कॉलममधून माझं प्रोटीन गेलं," मी म्हटलं. "रोज. आणि मी माझे हातमोजे बदलत बसले."

आता त्याचा चेहरा उतरला. आरएनए धरणाऱ्या प्रोटीनमध्ये आरएनए कापणारं विकर. दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये हे खपून गेलं असतं. आमच्याकडे म्हणजे दूध सांभाळायला बोका ठेवण्यासारखं.

"सरांना सांगणार?"

"तू सांग. मीटिंगच्या आधी."

त्याने सांगितलं नाही. मीही सरांना रात्री 'मॉडेल बसलं' एवढंच कळवलं होतं. सर आले, बसले आणि म्हणाले, "रचना आता सुटल्यातच जमा आहे. अभिनंदन करूया याचं." दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. सुपरफास्टने टेबलावरचा एक डाग नखाने खरवडायला घेतला.

मी उठून माझा कंप्युटर पडद्याला जोडला. आधी खोलीचं माप दाखवलं. मग आतलं बिऱ्हाड. सर पुढे झुकले आणि चष्मा काढायला त्यांनी हात वर नेला.

"विकर?" ते म्हणाले. "म्हणजे मी म्हणत होतो ते..."

"थांबा, सर. चष्मा घालून बघा." मी एकेक जागा मोठी करून दाखवली. "इथे माणसात ही फांदी असते. यात नाही. इथेही नाही. इथेही. हे गाईचं आहे, बाटलीतलं. कपाटात वरच्या कप्प्यात बाटली आहे, अर्धी झालीय. मी गाय नाही, सर."

कोणीतरी फस्सकन हसलं आणि खोकल्याचं नाटक केलं.

सर सुपरफास्टकडे बघायला लागले. तो म्हणाला, "सर, लवकर व्हावं म्हणून..." त्या वेळी मला त्याची कीव आली असती, पण माझ्याकडे त्या दिवशी कीव शिल्लक नव्हती.

"ठीक आहे," सर म्हणाले. "चुका होतात. सगळ्यांकडून होतात. चला, पुढे जाऊया."

तेव्हा मला इतका राग आला की आवाज उलट अगदी हळू झाला. माझं दूध होतं तेव्हा ते विज्ञान होतं, त्याचा हात निघाला तर चुका होतात. माझ्या वेळी काम काढून घेतलं, पाटी छापली. त्याच्या वेळी पुढे जाऊया.

"नाही जायचं पुढे," मी म्हटलं. "त्या दिवशी तुम्ही याच टेबलावर, याच सगळ्यांसमोर म्हणालात की माझ्या दुधाने झालं. आता म्हणा की नव्हतं."

"अगं, ते समजलंच ना सगळ्यांना."

"म्हणा, सर."

सरांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला.

"दूध नव्हतं," ते टेबलाला म्हणाले.

"आणि काम?"

"घे तुझं तू." मग सर असल्याची आठवण झाल्यासारखे म्हणाले, "कुणाची तरी रद्द झालेली पाळी आपल्याला मिळालीय, बीमची तारीख महिन्याभरावर आहे. क्रिस्टल कुठून आणणार आहेस?"

"आणीन. नवा कॉलम मागवा. तो माझ्याशिवाय कोणी वापरायचा नाही. आणि दारावरची पाटी काढा."

"पाटी जनरल आहे," सर म्हणाले. "राहू दे."

मी वाद घातला नाही. मीटिंग सुटल्यावर जाऊन पाकिटातला कागद काढला, उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनाने लिहिलं, 'आत काम चालू आहे. दार वाजवून थांबावे.' आणि परत पाकिटात घातला. चारही कोपरे नीट दाबले.

पुढचे दिवस मी कशी धावले ते सासूबाईंना विचारा. प्रोटीनला चिकटलेला जिवाणूचा आरएनए मी खारट पाण्याने धुतला. मग अजून खारट पाण्याने. कंटाळवाणं, लांबलचक, सुपरफास्टला कधी जमणार नाही असं काम. नवऱ्याने कामावरून लवकर येऊन गुंडीला आंघोळ घालायला घेतली आणि पहिल्या दिवशी स्वतःच जास्त भिजला. गुंडी बसायला लागली होती. मी घरी आले की दोन्ही हात पुढे करून अशी ओरडायची, जसं काही मीच हरवले होते आणि तिने शोधून काढलं.

जेलवर आरएनए आला. एक रेघ. सुरीने ओढल्यासारखी. मी तिच्याकडे किती वेळ बघत उभी होते कोणास ठाऊक. आनंद झाला, पण आनंदाच्या तळाशी गाळासारखं बसलं होतं की हे तेव्हाच झालं असतं.

मग क्रिस्टल आले. सुपरफास्टच्या क्रिस्टलांपुढे अगदी गरीब. मिठाच्या चुऱ्यासारखे, एक कोपरा मोडका, मोजके. त्यातला एक मी बारीक फासात पकडून उचलला, स्वच्छ थेंबात धुतला, दुसऱ्या थेंबात परत धुतला. सर मागे येऊन उभे राहिले.

"हे काय करतेस? एवढे थोडे आहेत आणि त्यातला एक फोडतेस? वाया जाईल."

"वाया नाही जात, सर. विचारतेय त्याला, आत कोण आहे म्हणून."

मी तो विरघळवला. सरांच्या डोळ्यांदेखत तो थेंबात दिसेनासा झाला. अर्धा थेंब प्रोटीनसाठी, अर्धा आरएनएसाठी, दोन्ही जेल लावली. सुपरफास्ट लांबून बघत होता. त्याला हाक मारून मी सांगितलं, "हे झालं की जेलचा डबा तू धुवायचा. दोनदा." "हो, ताई," तो म्हणाला, आणि खरंच हातमोजे घालून उभा राहिला.

जेल चालायला वेळ लागतो. तोवर माझी छाती भरून आली होती. पिशवी उचलली, मायक्रोस्कोपच्या खोलीत गेले, कडी घातली. स्टुलावर बसले, ट्रेकडे पाठ केली. त्या ट्रेमध्ये आता माझे उरलेले क्रिस्टल होते, झाकणाखाली, अंधारात. पंप सुरू केला आणि फोनवर गुंडीचा फोटो लावला, म्हणजे दूध लवकर येतं. फोटोत तिच्या मुठीत सासूबाईंचा चष्मा होता. डोळे मिटले.

दारावर थाप पडली.

"अगं," सरांचा आवाज. घाईचा, लहान मुलासारखा. "जेल झालं. बाहेर ये लवकर. रेघ आलीय बहुतेक, एकच आहे, अखंड आहे. प्रोटीनही जागेवर आहे. मी हात लावला नाही, तूच बघ. ये ना!"

माझं काळीज उडी मारून दाराशी गेलं. मी उठले नाही. बाटली अजून अर्धीसुद्धा भरली नव्हती, आणि घरी कोणीतरी तिची वाट बघत होतं.

"थांबा, सर," मी म्हटलं. "वैयक्तिक काम चालू आहे."

दाराखालच्या फटीतून त्यांचे बूट दिसत होते. हलले, थबकले, परत जागेवर आले. पंपाचा आवाज चालू राहिला. सर बाहेर उभे राहिले, आणि मी त्यांना बाटली भरेपर्यंत उभं ठेवलं.